ब्रेक ऑइल घरच्या घरी कसे बदलावे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरून जातात. रात्री पाणी द्यायला आपण मोटारसायकलवर निघतो आणि पुढची ट्रॉली बिनदिव्याची असते. अशा वेळी ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट मुठीला टेकला तर काय होईल, हे सांगायला नको.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तरच हे काम निघते. तारेवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकमध्ये ऑइल नसते. डिस्कच्या गाडीत हँडलवरच्या डबीतले ऑइल नळीतून दाब नेते आणि पॅड चकतीवर आवळतात.

आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ४ ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. दोघे बसून, ओझे घेऊन तुळजापूरचा घाट ब्रेकवर उतरलात की चकती तापते. ऑइल फार ओले असेल तर त्यात वाफ होते, आणि आपला सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते.

सामान : डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचे (डॉट ३ किंवा डॉट ४) सीलबंद ऑइल, निपलला बसणारा रिंग पाना (बहुधा ८ नंबरचा), पारदर्शक नळी, बाटली, फडकी आणि मदतीला एक माणूस.

कृती :

(१) गाडी डबल स्टँडवर लावा. डबी सपाट राहील असे हँडल वळवा. टाकी झाका, कारण या ऑइलने रंग निघतो. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवा.

(२) झाकण पुसून उघडा. निपलवर पाना, मग नळी चढवा. नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलात बुडवा.

(३) एकाने लिव्हर दाबून धरावा, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावे. काळपट ऑइल बाहेर येईल. निपल आवळल्यावरच लिव्हर सोडावा.

(४) स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करा. मधून मधून डबीत नवे ऑइल घाला. डबी रिकामी झाली की हवा शिरलीच म्हणून समजा.

(५) खुणेपर्यंत भरून झाकण लावा. लिव्हर टणक लागला पाहिजे. मऊ लागला तर हवा राहिली आहे, पुन्हा काढा. आधी अंगणातच सावकाश चालवून बघा.

घरात आहे म्हणून ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल डबीत कदापि घालू नका. आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. पॅडवर, चकतीवर थेंबही पडू देऊ नका. डबीतले ऑइल कमी दिसले तर आधी पॅड झिजलेत का ते बघा. एबीएसच्या गाडीत हवा शिरली तर सरळ मेकॅनिककडे जा. काढलेले ऑइल विषारी असते. ते पोरांच्या हाती लागू देऊ नका, बांधावर ओतू नका.

बेंदूर-पोळ्याला आपण बैलांची निगा राखतो. तशी हंगामाआधी गाडीच्या ब्रेकचीही राखावी, आणि ऑइल बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.