मूलनलिकेत मोडलेले उपकरण : काढावे की राहू द्यावे?

दातातील मज्जा सडली असता ती काढून टाकावयाची, मुळातील नलिका स्वच्छ करावयाची व भरून बंद करावयाची, हे मूलनलिकोपचाराचे सूत्र होय. ज्या कानशींनी हे काम करावयाचे त्यांपैकी १० क्रमांकाच्या कानशीचे टोक अवघे ०.१० मिलिमीटर जाडीचे असते. हातकानशीची जाडी तेथून पुढे दर मिलिमीटरास ०.०२ मिलिमीटरने वाढत जाते. इतके नाजूक उपकरण वाकड्या नलिकेत फिरताना क्वचित मोडावे, यात नवल नाही. प्रश्न उद्भवतो तो त्यानंतरचा. मोडलेला तुकडा काढण्याचे तंत्र आज बरेच प्रगत झाले आहे. परंतु तो केव्हा काढावा आणि केव्हा काढू नये, हा विवेक तंत्राहून अधिक महत्त्वाचा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील परिस्थिती ध्यानात घेऊन त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम उपकरण मोडते कसे ते पाहू. त्याची कारणे मुख्यतः दोन. कानशीचे टोक नलिकेत अडकते आणि मागील भाग फिरतच राहतो, तेव्हा धातूस सहन होईल त्याहून अधिक पीळ बसून ती तुटते. दुसरे कारण धातूच्या शिणवठ्याचे. वळणात फिरणाऱ्या कानशीची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. प्रत्येक फेऱ्यात या बाजू पालटतात व अखेरीस सूक्ष्म तडा वाढत जाऊन ती मोडते. पोलादी कानशीचे पेड मोडण्यापूर्वी बहुधा उलगडलेले दिसतात. १९८८ साली वालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या कानशींचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मिश्रधातूच्या लवचिकपणामुळे वाकड्या नलिकांचे काम पुष्कळ सुकर झाले. मात्र शिणवठ्याने मोडणारी ही कानस पूर्वसूचना देत नाही. म्हणून ती किती दातांत वापरली याची नोंद ठेवणे, हा केवळ काटकसरीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तुकडा आत राहिला म्हणजे दात गेला, ही समजूत बरोबर नाही. दुखणे निर्माण होते ते धातूमुळे नव्हे, तर तुकड्याच्या पलीकडे स्वच्छ न झालेल्या नलिकेतील जंतूंमुळे. स्पिली, पॅराशॉस व मेसर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुकडा राहिलेले दात ९१.८ टक्के बरे झाले, तर तुलनेसाठी घेतलेले, तुकडा नसलेले दात ९४.५ टक्के. मूलाग्राशी आधीच विकार असलेल्या दातांत मात्र हे प्रमाण अनुक्रमे ८६.७ व ९२.९ टक्के होते. यावरून निर्णयाचे दोन आधार स्पष्ट होतात : मूलाग्राशी विकार होता काय, आणि उपकरण मोडले तेव्हा नलिका कितपत स्वच्छ झाली होती.

तिसरा आधार स्थानाचा. तुकडा नलिकेच्या वरच्या तृतीयांशात असेल तर तो बहुधा निघतो. मधल्या तृतीयांशात असून त्याचे वरचे टोक सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसत असेल, तर प्रयत्न करणे युक्त ठरते. वळणाच्या पलीकडे, मूलाग्राजवळ तो रुतला असेल तर त्याच्या मागे लागू नये. काढण्याची रीत अशी : क्ष-किरण चित्रावरून स्थान निश्चित करावे, दाताच्या इतर नलिकांची तोंडे कापसाने बंद करावीत, तुकड्यापर्यंत सरळ मार्ग करून त्याच्या डोक्याभोवती लहानसा सपाट ओटा तयार करावा. नंतर श्राव्यातीत कंपनाचे बारीक टोक कमी शक्तीवर ठेवून तुकड्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावे, म्हणजे आत रुतलेले पेड सैल होतात. उलट दिशेने कापणाऱ्या कानशीसाठी ही दिशाही अर्थातच उलटी करावी. निकेल-टायटॅनियमच्या तुकड्यास टोक थेट टेकविल्यास त्याचे आणखी तुकडे होतात. म्हणून भोवतालचे दंतद्रव्य कंपनाने दूर करावे. थोड्या थोड्या वेळाने थांबावे, नाहीतर उष्णतेने मुळाभोवतालच्या ऊतींस इजा होते.

या प्रत्येक पायरीची किंमत दंतद्रव्याने मोजावी लागते. ओटा जितका खोल, तितकी मुळाची भिंत पातळ. खालच्या दाढेच्या पुढील मुळात तर मागील बाजूस भिंत मुळातच पातळ असते. तेथे अतिउत्साहाने छिद्र पडते किंवा काही वर्षांनी मूळ उभे चिरते. तुकड्यासह टिकला असता तो दात अशा रीतीने तुकडा काढल्यामुळे जातो. म्हणून ८ वा १० क्रमांकाची हातकानस तुकड्याच्या कडेने पलीकडे नेता येते काय, हे आधी पाहावे. नेता आली तर नलिका तेथून स्वच्छ करून तुकड्यासहच भरावी. तेही न साधल्यास तुकड्यापर्यंतचा भाग नीट स्वच्छ करून भरावा व रुग्णास ठराविक मुदतीने तपासावे. विकार वाढलाच तर मूलाग्राची शस्त्रक्रिया उरते.

आता या जिल्ह्यांकडे वळू. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा येथे सर्रास खाल्ला जातो. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचेखाली तंतू वाढून ती ताठरते व तोंड उघडेनासे होते. जबडा पुरेसा न उघडल्यास मागील दाढेत कानस सरळ जात नाही; नलिकेच्या तोंडाशीच ती वाकते, आणि वर सांगितलेला शिणवठा तेथूनच सुरू होतो. तुकडा काढण्यासाठी लागणारी सरळ दृष्टीही त्याच कारणाने मिळत नाही. म्हणजे ज्या तोंडात उपकरण मोडण्याचा संभव अधिक, त्याच तोंडातून ते काढणे सर्वांत कठीण. अशा रुग्णात उपचारापूर्वी पुढील दातांमधील अंतर मोजावे, आखूड कानशी घ्याव्यात व कानस जपून वापरावी.

दुसरी अडचण अंतराची. भामरागड व सिरोंचा ही तालुक्याची ठिकाणे गडचिरोलीहून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचा अनुभव अनेक पावसाळ्यांत आलेला आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. विशेषज्ञाकडे पाठविणे म्हणजे येथील मजुरास मजुरी बुडविणे व प्रवासखर्च सोसणे होय. म्हणून सरसकट पाठविणे जसे अयोग्य, तसे सूक्ष्मदर्शकाविना आंधळेपणाने कोरीत बसणेही अयोग्य. मूलाग्राशी विकार आहे, नलिका अस्वच्छ आहे आणि तुकडा आवाक्यात आहे, असे तिन्ही असेल तेव्हाच तो प्रवास सार्थकी लागतो. एरवी तुकडा राखून केलेला स्वच्छ उपचार व नियमित तपासणी हीच रुग्णाची खरी सेवा.

शेवटी एक कर्तव्य उरते, आणि त्यास उपकरण लागत नाही. तुकडा राहिला ही गोष्ट रुग्णास त्याच दिवशी, त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी, मग ती माडिया असो, तेलुगू असो वा मराठी. आणि चित्रासह लेखी नोंद त्याच्या हाती द्यावी. पाच वर्षांनी दुसऱ्या गावी दुसऱ्या दंतवैद्यापुढे तो बसेल तेव्हा त्याच्या दातात काय आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मोडलेली कानस हा अपघात होय. ती लपविणे हा अपराध होय.