'मालकीण', 'मालक' आणि 'सहमालक' : एक अर्थविचार

मराठीतील '-ईण' हा स्त्रीवाचक प्रत्यय रूपदृष्ट्या सरळ आहे. अर्थदृष्ट्या तो तितका सरळ नाही. 'कोळीण' ही कोळ्याची बायको असते, त्याचप्रमाणे स्वतः मासळी विकणारी स्त्रीही असते. उलट 'पाटलीण' म्हणजे पाटलाची पत्नी. पाटीलकी तिच्या हाती असते असे नव्हे. जातिव्यवसायवाचक शब्दांना लागला असता हा प्रत्यय बहुधा नाते व कर्तृत्व दोन्ही दाखवितो. पद वा अधिकार सुचविणाऱ्या शब्दांना लागला असता मुख्यतः नातेच दाखवितो. 'मालकीण' हा शब्द ह्या दोन वर्गांच्या सीमेवर उभा आहे. व्यावसायिक फुटबॉल संघाची मालकी स्त्रियांकडे असल्याची उदाहरणे आता उपलब्ध असल्यामुळे ह्या शब्दाची परीक्षा करणे शक्य झाले आहे.

मूळ अरबी 'मालिक' हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत 'मालक' झाला. धनी ह्या अर्थाबरोबरच त्याला 'पती' हा अर्थही प्राप्त झाला. पतीचे नाव न घेण्याच्या संकेतामुळे 'आमचे मालक घरी नाहीत' अशी वाक्ये घरोघर बोलली जात. मालक म्हणजे पती, तर मालकीण म्हणजे मालकाची पत्नी, हा अर्थ त्यामुळे अधिकच दृढ झाला.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नाही. कर्नाळा किल्ला ज्या पनवेल तालुक्यात आहे, तेथील अनेक गावांच्या जमिनी १९७० पासून नवी मुंबईच्या उभारणीसाठी संपादित होऊ लागल्या. अशा वेळी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, ह्या प्रश्नाला कधी नव्हे एवढे महत्त्व आले. घरात व शेतावर जिला सारे 'मालकीणबाई' म्हणतात, तिचे नाव उताऱ्यावर असेलच असे नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्याकडील संपत्तीची मर्यादित नव्हे, तर पूर्ण मालक ठरविले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली झाली. कायद्याने एक अर्थ निश्चित केला. बोलण्यातील शब्द मात्र दोन अर्थ वाहत राहिला.

खेळाच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे येतो. कर्नाळ्यापासून फार दूर नसलेल्या नेरुळच्या मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला व स्पेनने कोलंबियाचा १–० असा पराभव केला. त्या सामन्याचे वर्णन करताना मराठीला कोठेही अडावे लागत नाही. कारण 'खेळाडू', 'कर्णधार', 'गोलरक्षक' हे शब्द स्त्रीपुरुषांना सारखेच चालतात. अडचण मैदानावर नाही, मालकीच्या जागी आहे.

फुटबॉल संघाची मालकी ही शेताच्या किंवा घराच्या मालकीसारखी नसते. संघ ही एक कंपनी असते. तिचे भाग, स्पर्धेत उतरण्याचा अधिकार व खेळाडूंशी झालेले करार मिळून ही मालकी बनते; म्हणूनच ती अनेकांत वाटली जाऊ शकते. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील चेन्नईयिन ह्या संघाची मालकी मुंबईच्या उद्योजिका वीता दाणी, अभिषेक बच्चन व महेंद्रसिंह धोनी ह्यांच्याकडे आली. ह्या संघाने २०१५ व २०१८ ह्या वर्षी अजिंक्यपद मिळविले. येथे दाणी ह्यांचा उल्लेख 'मालकीण' असा केल्यास, ज्याला वस्तुस्थिती माहीत नाही असा वाचक त्यांना एखाद्या मालकाची पत्नी समजण्याचा संभव आहे. 'सहमालक' ह्या शब्दाने तो संभव उरत नाही. कारण 'सह-' हा उपसर्ग वाट्याचा निर्देश करतो, नात्याचा नव्हे.

परदेशांतील दोन उदाहरणांनी हा भेद अधिक स्पष्ट होईल. फ्रान्समधील मार्सेय संघ मार्गारिटा लुई-द्रेफ्यूस ह्यांच्याकडे २००९ साली पतीच्या निधनानंतर आला व २०१६ साली त्यांनी तो विकला. त्यांच्या बाबतीत 'मालकीण' हा शब्द प्रथम एका अर्थाने व नंतर दुसऱ्या अर्थाने खरा ठरला. उलट, अमेरिकेतील वॉशिंग्टन स्पिरिट ह्या महिला संघाचे नियंत्रण मिशेल कांग ह्यांनी २०२२ साली खरेदीने मिळविले; तेथे पहिल्या अर्थाला जागाच नाही. गोव्यातील चर्चिल ब्रदर्स संघाचे मुख्य कार्यकारी पद वालांका आलेमाव ह्यांनी सांभाळले. त्या संस्थापकांच्या कन्या. परंतु कारभार पाहणे व मालकी असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी असल्यामुळे अशा ठिकाणी पदाचे नावच वापरणे योग्य होय.

ह्या संदिग्धतेवर आजच्या मराठीने एक उपाय योजलेला दिसतो. 'त्या संघाच्या मालक आहेत' ह्या वाक्यात 'मालक' हे रूप बदललेले नाही. लिंग दाखविण्याचे काम षष्ठीच्या प्रत्ययाकडे गेले आहे : पुरुषासाठी 'संघाचे मालक', स्त्रीसाठी 'संघाच्या मालक'. 'अध्यक्ष', 'मंत्री', 'वकील' ह्या शब्दांचीही हीच रीत आहे. तथापि हा उपाय प्रथमा विभक्तीपुरताच पुरतो. 'संघाच्या मालकांनी नवा प्रशिक्षक नेमला' असे म्हणताच नामाच्या सामान्यरूपामुळे षष्ठीचा प्रत्यय दोन्ही लिंगी सारखाच होतो. क्रियापदही कर्माला अनुसरते. परिणामी मालक स्त्री आहे ही गोष्ट वाक्यातून नाहीशी होते आणि रूढीने वाचक पुरुषाचीच कल्पना करतो. 'मालकिणींनी' हे रूप स्त्रीला दृश्य ठेवते. पण तिच्यामागे पती उभा करण्याचा धोका पत्करते. पहिल्या रूपात स्त्री लोपते, दुसऱ्यात तिचा हक्क संशयित होतो.

ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग प्रत्यय टाकून देणे हा नव्हे. 'मास्तरीण' हा शब्द मास्तरांच्या पत्नीलाही लागे. परंतु शाळांतून स्त्रिया शिकवू लागल्यावर 'शिकविणारी स्त्री' हा अर्थ त्यात बळावला. प्रत्ययाचा अर्थ व्याकरण एकटे ठरवीत नाही. ते पद स्त्रियांना किती प्रमाणात खुले आहे, ह्यावरही तो अवलंबून असतो. सातबाऱ्यावर व कंपन्यांच्या भागधारकांच्या नोंदवहीत स्त्रियांची नावे जसजशी वाढतील, तसतसा 'मालकीण' ह्या शब्दाचा 'स्वतः मालक असलेली स्त्री' हा अर्थ प्रथम क्रमांकावर येईल. तोपर्यंत लेखकाने प्रथमेत 'संघाच्या मालक', भागीदारीत 'सहमालक', व लिंग लोपण्याचा संभव असेल तेथे व्यक्तीचे नाव, अशी योजना करणे इष्ट होय.