विश्लेषण : चार महिन्यांचे औषध सहा महिन्यांइतकेच गुणकारी, हे ठरवतात कसे?

क्षयरोगाचे औषध नेहमीच्या पद्धतीत सहा महिने घ्यावे लागते. पण महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते, माणूस कामावर जातो आणि रोजच्या गोळ्या नकोशा होतात. हेच उपचार चार महिन्यांत संपले तर? नवा उपचार जुन्यापेक्षा सरस नसला तरी चालेल. तो फारसा कमी पडत नाही एवढे कळले तरी पुरे, कारण दोन महिने वाचतात. हे तपासणाऱ्या प्रयोगाला ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ चाचणी म्हणतात.

‘फरक दिसला नाही’ एवढे पुरेसे का नाही?

कारण मोजके रुग्ण घेतले की मोठा फरकही दिसत नाही! म्हणून चाचणीआधीच मर्यादा ठरवून ती लिहून ठेवतात : नवा उपचार जास्तीत जास्त किती कमी पडला तर चालेल? नंतर मोजलेल्या फरकाभोवती शक्यतेचा पट्टा काढतात. पट्ट्याचे सर्वांत वाईट टोकही मर्यादेच्या आत असेल, तरच नवा उपचार उत्तीर्ण.

प्रत्यक्षात काय घडले?

२०१४ मध्ये ‘रेमॉक्स टीबी’ या १,९३१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांच्या उपचाराने ९२ टक्के रुग्णांना गुण आला, तर चार महिन्यांच्या दोन उपचारांत हे प्रमाण ८५ आणि ८० टक्केच होते. मर्यादा सहा टक्केबिंदूंची होती. दोन्ही उपचार नापास.

२०२१ मध्ये ‘स्टडी ३१’चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह १३ देश, २,५१६ रुग्ण, मर्यादा ६.६ टक्केबिंदू. सहा महिन्यांच्या गटात ९.६ टक्के रुग्णांत उपचार अपयशी ठरला. चार महिन्यांच्या रिफापेंटिन-मॉक्सिफ्लॉक्सासिन गटात ११.६ टक्के. फरक २ टक्केबिंदूंचा. पट्ट्याचे वाईट टोक ५.१, म्हणजे मर्यादेच्या आत. मॉक्सिफ्लॉक्सासिनशिवायच्या दुसऱ्या गटात फरक ४.४ होता. तोही ६.६ पेक्षा कमीच. तरी हा उपचार नापास झाला, कारण वाईट टोक ७.७ पर्यंत जात होते. चाचणी सरासरीवर नव्हे, तर त्या टोकावर ठरते.

मर्यादा ठरवणे कठीण का?

संख्याशास्त्र एकटे हा निर्णय देऊ शकत नाही. दोन महिने वाचवण्यासाठी शंभरातल्या आणखी किती रुग्णांचा धोका पत्करायचा, हा प्रश्न डॉक्टरांचा आणि त्याहून अधिक रुग्णांचा आहे. मर्यादा निम्मी केली तर साधारण चौपट रुग्ण लागतात, म्हणून खर्चाचा दबाव नेहमी मर्यादा सैल करण्याकडे असतो.

त्यात अंदाजाची अडचण. जुन्या उपचाराचे अपयश किती असेल, हे आधी गृहीत धरावे लागते. ते १५ टक्के निघाले तर ६.६ची भर म्हणजे निम्म्याहून कमी वाढ. पण प्रत्यक्षात ते ५ टक्केच निघाले तर तीच भर अपयश दुपटीहून अधिक करते. मर्यादा तीच, अर्थ वेगळा. म्हणून काही संख्याशास्त्रज्ञ सुचवतात, की जुन्या उपचाराचे अपयश किती निघाले तर मर्यादा किती धरायची, याचा तक्ताच आधी ठरवून ठेवावा. निकाल पाहून मर्यादा बदलण्यापेक्षा हे बरे.

ढिसाळपणाचा फायदा कुणाला?

इथे गंमत, खरे तर धोका आहे. नवे औषध सरस ठरवायचे असेल तर ढिसाळ चाचणी त्यालाच नडते. इथे उलटे : दोन्ही गटांतील रुग्णांनी गोळ्या बुडवल्या की दोघांचे निकाल सारखे दिसू लागतात आणि कमअस्सल उपचारही पास होऊ शकतो. म्हणून हिशेब दोनदा करतात. एकदा मध्येच सुटलेल्यांना अपयशी धरून, एकदा त्यांना वगळून. वर दिलेले ‘स्टडी ३१’चे आकडे वगळून केलेल्या हिशेबाचे आहेत, अपयशी धरून केलेल्या हिशेबातही रिफापेंटिन-मॉक्सिफ्लॉक्सासिनचे वाईट टोक ४.५ आले. दोन्हीकडे उत्तीर्ण.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी या उपचाराला पर्याय म्हणून स्थान दिले. उद्या तीन महिन्यांचा उपचार आला, तर त्याची तुलना चार महिन्यांशी करायची की सहा महिन्यांशी, हा वाद तेव्हा होईलच. दर वेळी ‘थोडे कमी’ चालवून घेतले, तर तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा उपचार मूळ उपचाराहून बराच खाली असू शकतो.