माऊस कोणाच्या हाती?

नई तालीमची योजना वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून निघाली. मुलाने हाताने काम करीत शिकावे, हे तिचे सूत्र. आता संगणक हेही अवजारच. चित्र, आवाज, चलचित्र जोडून पाठ रचण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळावे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु नुसती बटणे दाबणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. १८४८ ची भिडेवाड्यातील मुलींची शाळा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्या पडद्यावर येणार की नाही? विकतचा पाठ मुलांना दुसऱ्याचेच डोळे देतो. हिंगणघाट-आर्वीकडील शिक्षकाने वस्तीतल्या आजीचा आवाज, विहिरीचा फोटो घेऊन पाठ स्वतः रचावा. आणि माऊस मागच्या बाकावरील मुलीच्या हाती द्यावा. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, ते नुसते बघत बसण्यासाठी नव्हे!