जुनी डिझेल मोटार घेताना : १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाची ओळख

धंद्यासाठी जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न किमतीचा असतो. इंजिन कोणते आहे, त्याची दुखणी कोणती आणि ती काढायला किती खर्च येतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आमच्या परिचयातील एका बेकरीवाल्याने पाव पोहोचवण्यासाठी एक जुनी टर्बो डिझेल मोटार घेतली. डिझेलमध्ये बचत होते म्हणून तो खूश होता. पण ऑइल बदलण्याचा खर्च तो पुढे ढकलत राहिला. शेवटी टर्बो बसला आणि वर्षभराची बचत एका बिलात गेली. असे नुकसान टळावे म्हणून आज आम्ही एका इंजिनाची माहिती देत आहोत.

हे इंजिन फियाट कंपनीचे १.३ लिटर मल्टिजेट होय. ते २००३ मध्ये युरोपात आले. आपल्याकडे जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्टमध्ये ते 'डीडीआयएस' या नावाने बसवले गेले. टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये त्याचे नाव 'क्वाड्राजेट' होते. फियाटच्या लिनिया आणि पुंटोमध्येही तेच होते. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा आणि ब्रेझा या मारुतीच्या गाड्यांमुळे ते गावोगावी पोहोचले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यातही ते तयार होत असे. मागणी इतकी वाढली की, स्वतःचा कारखाना असतानाही मारुतीने जानेवारी २०१२ मध्ये फियाटकडून वर्षाला एक लाख इंजिने घेण्याचा करार केला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे या गाड्या आता जुन्या बाजारातच मिळतात. म्हणूनच पारख महत्त्वाची.

आकडे काय सांगतात?

इंजिनाची क्षमता १२४८ सीसी आहे. चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्ह आहेत. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी आणि पिस्टनचा स्ट्रोक ८२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. साध्या आवृत्तीची ताकद ७५ अश्वशक्ती असून २००० फेऱ्यांना १९० न्यूटन मीटर टॉर्क मिळतो. दुसऱ्या आवृत्तीत टर्बोच्या पात्यांचा कोन बदलता येतो. तिची ताकद ९० अश्वशक्ती आणि १७५० फेऱ्यांना टॉर्क २०० न्यूटन मीटर आहे.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा. २००७ च्या स्विफ्टमधील पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे ८७ अश्वशक्ती होती, पण टॉर्क फक्त ११३ न्यूटन मीटर आणि तोही ४५०० फेऱ्यांना. अश्वशक्ती वेगाला उपयोगी, टॉर्क ओढण्याला. माल भरून घाट चढायचा असेल तर डिझेल कमी रेसवर ओढते. मात्र दीड-दोन हजार फेऱ्यांच्या खाली टर्बो पुरेशी हवा देत नाही आणि गाडी सुस्त वाटते. अशा वेळी हाफ क्लच धरून गाडी रेटणाऱ्याचे क्लच लवकर जळते. खालचा गिअर टाकणे हाच त्यावर उपाय.

काम कसे चालते?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या इंजिनात पंप प्रत्येक नोजलला स्वतंत्र दाब देई. कॉमन रेल पद्धतीत एका नळीत हजार बारहून अधिक दाबाने डिझेल साठवलेले असते आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर उघडतात. मल्टिजेटमध्ये एका आवर्तनात पाच वेळापर्यंत फवारा मारता येतो. आधी थोडे, मग मुख्य, मग पुन्हा थोडे. त्यामुळे ठोका कमी होतो आणि डिझेल पूर्ण जळते.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन चाके. सायलेन्सरकडे जाणारा वायू एक चाक फिरवतो, दुसरे चाक इंजिनात जादा हवा कोंबते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल घाण झाले किंवा कमी पडले की दांडा घासलाच म्हणून समजा.

भरवसा किती?

वेळेवर देखभाल झालेली ही इंजिने टॅक्सीत दोन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली आहेत. पण दुखणी आहेतच. पहिले टायमिंग चेनचे. बेल्टऐवजी चेन असल्यामुळे ती कधीच बदलावी लागत नाही, असा गैरसमज आहे. चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच बसते, म्हणून थोडे कमी झाले तरी फरक पडतो. चेन सैल होऊन दात सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात आणि हेडचे काम निघते. दुसरे दुखणे ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचण्याचे. शहरात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत ते जास्त दिसते. तिसरे इंजेक्टरचे. भेसळीचे किंवा पाणी असलेले डिझेल त्यांना मारते. डिझेल फिल्टरवर केलेली काटकसर इथे महागात पडते.

घेताना काय पाहावे?

गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताच पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर चेन तपासून घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारांवरून तीन हजारांपर्यंत गाडी न अडखळता ओढते का ते पाहावे. स्कॅनर लावून साठलेले दोष वाचून घ्यावेत. सर्व्हिसची बिले मागावीत. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण सगळी बिले खोटी बनवणे कठीण असते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्चही धरावा.

शेवटी हिशेब. समजा पेट्रोल १०० रुपये लिटर असून गाडी १५ किलोमीटर देते. डिझेल ९० रुपये असून १९ किलोमीटर. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावचे भाव घालावेत. किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सुमारे ६.६७ रुपये, डिझेलचा ४.७४ रुपये. बचत १.९३ रुपये. जुन्या डिझेलवर दुरुस्तीचे ६० हजार रुपये जादा लागले तर ते भरून निघायला सुमारे ३१ हजार किलोमीटर चालवावे लागेल. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला हे वर्षाच्या आत जमते. दुकान ते घर एवढेच फिरणाऱ्याने डिझेलच्या मोहात पडू नये.

गाडी घेतल्यावर दोन नियम पाळावेत. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचे ऑइल वेळेवर, शक्यतो वेळेआधीच बदलावे. आणि लांब पल्ल्याहून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे टर्बो थंड होतो. हे दोन नियम पाळले तर इंजिन आपल्या रोजीला साथ देईल.