आराखडा कोण आखणार?

आमच्या शेजारचा मुलगा कॅन्सरच्या दवाखान्यात मेडिकल फिजिसिस्ट आहे. गल्लीत तो ‘सिंकाईवाला’, म्हणजे रेडिएशनचा शेक देणारा. प्रत्यक्षात त्याचा बराचसा दिवस पडद्यासमोर जातो. रेडिएशनचा किती डोस कुठल्या दिशांनी द्यायचा, याचा आराखडा तो आखतो. परवा त्याच्या शेजारी बसून ते काम पाहिलं.

गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेला पेशंट. तंबाखूच्या आपल्या मुलखात तसे रोजचेच. 30 सिटिंगमध्ये 60 ग्रे (हे डोसचं एकक) द्यायचे, मज्जारज्जूला 45 च्या आत ठेवायचं आणि लाळग्रंथीची सरासरी 26 च्या खाली आणायची, नाहीतर तोंड कायमचं कोरडं पडण्याचा धोका. एकीकडे डोस कमी केला की दुसरीकडे वाढतो. पूर्वी या ओढाताणीत अख्खा दिवस जायचा. आता सॉफ्टवेअरनं काही मिनिटांत आराखडा समोर ठेवला, सगळे आकडे मर्यादेत.

तो मात्र स्कॅनचा एकेक काप सरकवत राहिला. खालच्या जबड्यावर थांबला. तिथे 66 ग्रेचा ठिपका पडला होता.

“काका, याची दाढ किडलीय आणि काढून घ्यायला तो तयार नाही. उद्या ती काढावीच लागली, तर इथलं हाड भरून येईलच असं नाही. हे सॉफ्टवेअरला कुठं माहीत?”

जबड्यासाठी वेगळी अट घालून त्यानं आराखडा पुन्हा करायला लावला. लाळग्रंथीचा आकडा जरासा वर गेला. डॉक्टरांशी बोलून त्यानं तो चालवून घेतला.

अमेरिकेत हे काम करणारा डोसिमेट्रिस्ट वेगळा असतो. त्यांची संघटना 1975 सालची. सॉफ्टवेअरमुळे ही खुर्ची राहील का, अशी धास्ती तिथे आहे. आपल्याकडे ती खुर्ची फारशी मांडलीच गेली नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून फिजिसिस्ट घडवतोय, आणि प्लॅनिंगपासून मशीनच्या तपासणीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं. त्यामुळे इथे सॉफ्टवेअर कुणाची नोकरी खाण्याआधी कुणाची तरी संध्याकाळ मोकळी करेल, असं मला वाटतं.

अजून तरी ती मोकळी नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यानं टेबलावर प्लॅस्टिकच्या लाद्या रचल्या, मधल्या भोकात डोस मोजणारा बोटाएवढा चेंबर सरकवला आणि तोच आराखडा मशीनवर चालवला. मोजलेला डोस हिशेबाशी जुळला, तेव्हा कुठे सही केली.

शिकाऊ मुलांकडून मात्र तो अधूनमधून सॉफ्टवेअरच्या मदतीशिवाय आराखडे करून घेतो. मुलं कुरकुरतात. तो ऐकत नाही, आणि मी त्याच्याच बाजूचा आहे.