तीन मिलिमीटरची माशी आणि तिची ओळख

गोंदिया जिल्ह्याचे नाव निघाले की तलाव आणि सारस या दोन गोष्टी हमखास येतात. बांधीत जोडीने फिरणारा, माणसाच्या उंचीचा सारस दिसला की गाडी थांबते, फोटो निघतो, बातमी होते. त्याच बांधीत रोवणीनंतर तीन-साडेतीन मिलिमीटरची एक माशी येते. ती रात्री उडते, दोन-चार दिवस जगते आणि मरते. तिचा फोटो कुणी काढत नाही. पण जिल्ह्यातल्या धानाच्या पिकाशी तिचा संबंध सारसापेक्षा कितीतरी जवळचा आहे. ही गादमाशी. शास्त्रीय नाव ऑर्सिओलिया ओरायझी. दिसायला डासासारखी, लांब पायांची. मादीचे पोट नारिंगी-लाल.

तिचा जीवनक्रम पाहिला की थक्क व्हायला होते. मादी पानाच्या बुडाशी शंभर-दोनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पानावरच्या ओलाव्यातून सरकत थेट वाढीच्या कोंबापर्यंत पोहोचते. तिथे ती नुसती खात बसत नाही. तिच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे रोपाची वाढच वेगळी वाट धरते. ज्या फुटव्यातून लोंबी यायची, तिथून कांद्याच्या पातीसारखी पोकळ, फिकट चंदेरी नळी वर येते. यालाच चंदेरी पोंगा किंवा नळ म्हणतात. म्हणजे अळी आपले घर रोपाकडूनच बांधून घेते. त्या नळीतच तिचा कोष होतो. मग कोष वर सरकतो, अंगावरच्या काट्यांनी नळीला टोकाशी भोक पाडतो, आणि माशी उडून गेल्यावर रिकामी कात भोकातून डोकावत राहते. सगळा खेळ साधारण तीन आठवड्यांचा. पोंगा झालेल्या फुटव्याला लोंबी येत नाही. ढगाळ, दमट हवा आणि लांबलेली रोवणी हे या माशीचे आवडते दिवस.

या माशीला शास्त्रात नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८० च्या सुमारास बिहारमधल्या मुंगेर भागात धानावर ही कीड दिसली. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी तिला सेसिडोमाया ओरायझी असे नाव दिले आणि १८८९ मध्ये ई. सी. कोट्स यांच्या लेखातून ते प्रसिद्ध झाले. पुढे माहिती वाढली तशी तिची प्रजाती बदलत गेली. जुन्या शेतीच्या पुस्तकांत ती पॅकिडिप्लोसिस ओरायझी म्हणून भेटते, आताच्या पुस्तकांत ऑर्सिओलिया म्हणून.

एखादी माशी नवी आहे हे ठरवतात तरी कसे? शेतातून पकडलेली एकटी माशी फारशी उपयोगाची नसते. गादमाशीसारख्या गाठी करणाऱ्या माशांच्या बाबतीत उत्तम मार्ग म्हणजे गाठ किंवा पोंगा तोडून आणायचा, बाटलीत ठेवायचा आणि माशी बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची. असे केले की अळी, कोष, नर आणि मादी एकाच जातीचे आहेत याची खात्री होते आणि यजमान वनस्पतीही पक्की कळते. मग नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतात, पारदर्शक करतात, कॅनडा बाल्समच्या थेंबात बसवून काचपट्टी तयार करतात. खरे काम त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. या कुळातल्या माशांच्या मिशांवर केसासारख्या धाग्यांची वेटोळी असतात, तशी दुसऱ्या माशांत आढळत नाहीत. पंखांत शिरा अगदी मोजक्या. अळीच्या छातीखाली फावड्यासारखा एक कठीण अवयव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे नराचे जननेंद्रिय: बाकी सगळे सारखे दिसणाऱ्या दोन जातींतला फरक बहुधा तिथे सापडतो.

हे सगळे मोजून, रेखाटून, जवळच्या ज्ञात जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. फरक पक्का ठरला की एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात राहतो, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तोच नमुना उघडून पाहता येतो. नाव कसे द्यायचे याची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि वर्णन नियमानुसार प्रसिद्ध झाल्याशिवाय नाव ग्राह्य धरले जात नाही. आता जोडीला डीएनएचा ठरावीक तुकडाही वाचतात. पण त्याने सूक्ष्मदर्शकाची सुट्टी झालेली नाही.

एवढ्या खटाटोपाने शेतकऱ्याला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर आफ्रिकेत सापडते. तिथल्या धानावरही असेच पोंगे येतात आणि ती कीड आशियातलीच आहे असे कित्येक वर्षे मानले जात होते. १९८२ मध्ये के. एम. हॅरिस आणि आर. जे. गॅन्ये यांनी दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवून तपासले. आफ्रिकेतली माशी वेगळी निघाली. तिला ऑर्सिओलिया ओरायझिवोरा हे नाव मिळाले. या वर्णनाने एक कोडे सुटले. आशियात गादमाशीला दाद न देणारे बहुतेक वाण आफ्रिकेत का टिकत नव्हते? कारण समोरचा शत्रूच दुसरा होता. आफ्रिकेसाठी वाण तिथल्याच माशीसमोर तपासून निवडावे लागतात.

गोष्ट इथे संपत नाही. पश्चिम आफ्रिकेत शेताच्या कडेला कोदोच्या जातीचे गवत उगवते, पॅस्पलम स्क्रोबिक्युलाटम. आपल्याकडे पूर्व विदर्भात खातात तो कोदो हाच. त्यावरही तशाच गाठी येतात. ती माशी धानावरचीच असेल तर धुऱ्यावरचे ते गवत उपटायलाच हवे. १९९९ मध्ये या माशीचे स्वतंत्र वर्णन झाले: ऑर्सिओलिया बाँझी. ती धानाला लागत नाही. उलट धानावरच्या माशीला मारणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या तिच्यावरही वाढतात. म्हणजे जे गवत किडीचे घर वाटले असते, ते प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या मित्राचे घर ठरले. गवत राखायचे की काढायचे, हा निर्णय काचपट्टीवरच्या बारकाव्यांवर अवलंबून होता.

आपल्याकडेही असा मित्र आहे: प्लॅटीगॅस्टर ओरायझी, गादमाशीहून लहान अशी परोपजीवी गांधीलमाशी. ती गादमाशीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि शेवटी एका अळीतून अनेक प्लॅटीगॅस्टर बाहेर पडतात. दिसला पोंगा की मार फवारा, असे केल्याने हा मित्र आधी मरतो.

नावाला मर्यादाही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. भारतातल्या गादमाशीचे सात जैवप्रकार नोंदले आहेत. जात एकच, दिसणे एकच, पण एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात पडतो. हे सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही; वेगवेगळे वाण लावून पाहावे लागते. डासांत याच्या उलट घडले. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणारा प्रमुख डास ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस ही एकच जात समजली जाई. १९८० पासून गुणसूत्रांच्या अभ्यासातून तिच्यात वरून सारख्या दिसणाऱ्या पाच जाती निघाल्या. त्यांतली ‘बी’ मलेरिया फारसा पसरवत नाही. गोंदियातल्या देवरी-सालेकश्यासारख्या जंगलभागात हा फरक पुस्तकी राहत नाही: तिथे जो डास सापडतो तो यांतला कोणता, हे कळल्यावरच धोक्याचा अंदाज बांधता येतो.

गाठी करणाऱ्या माशांच्या सुमारे साडेसहा हजार जातींना जगभरात नावे मिळाली आहेत. २०१६ मध्ये कॅनडातल्या कीटकांच्या डीएनएवरून झालेल्या अभ्यासाने या एका कुळात जगभर १८ लाख जाती असाव्यात असा अंदाज मांडला. तो निम्म्याने चुकला असे धरले तरी नाव नसलेल्या जातींचा डोंगर उरतोच. भारतात एम. एस. मणी यांनी आयुष्य घालवून वनस्पतींवरच्या गाठी आणि त्या करणारे कीटक नोंदवले. १९७३ मध्ये आलेले त्यांचे भारतातल्या गाठींवरचे पुस्तक आजही हाताशी लागते. मात्र अशा कामाला पैसा आणि मान दोन्ही कमी मिळतो, आणि वर्गीकरण शिकू पाहणाऱ्या मुलांना आपण नोकरीची वाट दाखवत नाही. हे मला चुकीचे वाटते. कृषी संशोधनाचा पायाच यावर उभा आहे.

गोंदियाच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. गाठी शोधायला नवेगाव-नागझिऱ्याच्या आत जायची गरज नाही. तिथे वनविभागाची परवानगी लागते. धुऱ्यावरचे गवत, तलावाकाठचे रानधान, अंगणातला आंबा यांवर गाठी मिळतील. विद्यार्थ्यांना त्या आणायला सांगा. बाटलीवर गावाचे नाव, तारीख आणि वनस्पतीचे नाव लिहा, माशी बाहेर पडली की अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या आकुर्डी केंद्रातल्या अभ्यासकांना कळवा. नवी जात निघालीच, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार तिची माहिती आणि नमुना अधिकृत संग्रहात द्यावा लागतो.